भुसभुशीत वाळू

४ मार्च

प्रिय मामा,

लहानपणी तुला "अरे मामा" म्हणायचे. एवढ्या वर्षांनी लिहायला बसले तर आधी "अहो" लिहून पाहिलं, आणि पत्र विम्याच्या एजंटाला लिहिल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हा अरेच. फोन केला असता, पण तुला कमी ऐकू येतं असं आई म्हणायची. आता ती तुझं नावच घेत नाही. आजीच्या कपाटावरून धरलेला अबोला अजून तसाच आहे. कपाट तिच्याकडे आहे, त्याचं दार लागत नाही, त्यात काही ठेवता येत नाही, तरी ती ते कोणाला देणार नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. मी बांबूउडी शिकायला लागले आहे. हसून घे, मग पुढे वाच. वय बेचाळीस.

झालं असं. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते, हे तुला माहीत असेल. गेल्या महिन्यात एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "उलटं लटकल्यावर पडणार नाही असा चष्मा करून द्या." मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या मैदानावर बांबूउडी शिकवतात, आणि नवख्यांना करून दाखवताना त्यांचा चष्मा दर वेळी गादीत हरवतो. मी मागे पट्टा लावून दिला आणि नीट बसतो की नाही ते बघायला मैदानावर गेले. चष्मा बघायला गेलेली मी काठीचं वेड घेऊन परत आले.

पहिल्या दिवशी काठी मिळालीच नाही. आधी वजनकाट्यावर उभं केलं. फायबरच्या काठीवर दोन आकडे छापलेले असतात, एक तिच्या लांबीचा आणि दुसरा वजनाचा. वजन काठीचं नव्हे, उडी मारणाऱ्याचं. आपलं वजन त्या आकड्याच्या वर गेलं तर ती काठी वापरायची नाही, कारण ती जास्त वाकते आणि मोडू शकते. मी आजवर साडी, चप्पल, नवरा, काहीच इतकं मापून घेतलं नव्हतं. (नवऱ्याचं तर तुला माहीतच आहे.)

अडचण अशी की माझ्या वजनाची काठी क्लबात एकच आहे, आणि माझ्याच वजनाची आणखी एकजण तिथे शिकते. पोस्टात टपाल लावणारी मुलगी. जूनअखेर मैदान गवतासाठी बंद होतं. तोवर जी दोन खांबांवर आडवी ठेवलेली सगळ्यात खालची पट्टी ओलांडेल, तिच्याकडे काठी पुढच्या हंगामात राहील. दोघींनी ओलांडली तर जी जास्त उंच जाईल तिच्याकडे. दुसरीने नवी काठी येईपर्यंत थांबायचं, आणि क्लबात नवी काठी कधी येते हे बाईंनाही माहीत नाही.

मला ती काठी हवी आहे, मामा. कोणाच्या उपयोगाची नाही आणि कोणी सांगितलेली नाही, अशी एकही गोष्ट मी आजवर मागितलेली नाही. ही मागते आहे.

तू उडी मारायचास एवढंच मला माहीत आहे. सुरुवात कुठून करायची ते सांग.

तुझी
खार

११ मार्च

खारूताई,

हसलो नाही. हसणार होतो, पण तेवढ्यात शर्ट वाळत घालायचे होते आणि हात वर गेला तो थेट माझ्या काठीवरच. माझी काठी अजून बोळात छताला टांगलेली आहे. तुझी मामी तीस वर्षं तिच्यावर कपडे वाळत घालत होती. ती गेल्यापासून माझे दोन शर्ट आणि एक टॉवेल. काठीला वाटत असेल, पेन्शन बसली.

वजनाची भानगड आमच्या वेळी नव्हती. बांबू म्हणजे बांबू. जाड माणूस, बारीक माणूस, सगळ्यांना तोच. मोडला तर दुसरा. तुमच्या काठीसारखा तो वाकायचा नाही, ताठच राहायचा, म्हणून आमची पद्धत ताठ काठीची. ती सांगतो, उपयोग झाला तर बघ.

उजवा हात वर, डावा खाली. धावताना हात लांब ठेव. काठीचं टोक पेटीत टेकवताना डावा हात सरकवून उजव्याजवळ आण. दोन्ही हात एकत्र आले की शरीर एका ठिकाणाहून झुलतं, दोन मालक असल्यासारखी ओढाताण होत नाही. ताकद दंडात नसते, धावण्यात असते. दंडाच्या ताकदीने वर जायला बघणारा माणूस भिंतीवर चढायला बघणाऱ्या म्हशीसारखा दिसतो.

आणि पडताना पायावर पड. हे सगळ्यात महत्त्वाचं. जमीन दिसली की पाय पुढे. आम्ही वाळूत पडायचो. दुसऱ्या मैदानांवरची वाळू दगडासारखी घट्ट, तिथे पोरांची टाच फुटायची. आमच्या मैदानाचं नशीब चांगलं. आमची वाळू कायम भुसभुशीत असायची. पाय रुतायचे ते पोटरीपर्यंत.

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहतो जिन्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. वर जाण्याविषयी माझं ज्ञान एवढंच. आईला नमस्कार सांगू नकोस, उगाच कपाट आठवेल.

मामा

२ एप्रिल

प्रिय मामा,

तुझ्या पत्राने माझी क्लबात फजिती केली, म्हणून आभार.

अजून उडी नाही. महिनाभर फक्त गवतावर काठी घेऊन चालले. काठी उजव्या कुशीशी धरायची, टोक वर, आणि चालता चालता ते हळूहळू खाली आणत दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे. ऐकायला सोपं वाटतं. काठी लांब असते आणि तिचं टोक आपलं ऐकत नाही. पहिल्या आठवड्यात मी क्लबाच्या पाण्याच्या पिंपाला दोनदा ढोसलं.

पेटीचंही कौतुक सांगते. धावपट्टी संपते तिथे जमिनीत एक पत्र्याचा उतरता खड्डा असतो, पुढे खोल आणि अरुंद होत गेलेला. काठीचं टोक त्यात घसरत जाऊन मागच्या भिंतीला अडतं, आणि ते अडलं की आपण सुटतो. इतकी वर्षं माझ्या डोक्यात होतं की काठी नुसती जमिनीवर टेकतात.

आता हात. तू सांगितल्याप्रमाणे मी डावा हात सरकवून उजव्याजवळ आणला. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"हे कोणी शिकवलं?"

"मामाने."

"मामांना सांगा, बांबू गेला. फायबरच्या काठीला खालचा हात लांबच ठेवावा लागतो, नाहीतर ती वाकणार कशी?"

पोस्टवाली खुसूखुसू हसली. पण मुलगी चांगली आहे. आमच्यात पद्धत अशी की उडी मारणारी काठी सोडते तेव्हा दुसरीने ती झेलायची. जमिनीवर आपटली किंवा कोणाच्या बुटाचा खिळा लागला तर तिला बारीक चीर पडते, आणि पुढे कधीतरी ती तिथेच मोडते. म्हणून मी धावते तेव्हा पोस्टवाली माझी काठी झेलायला उभी राहते. ती धावते तेव्हा मी. एकीची काठी दुसरीने सांभाळायची आणि मनातून दोघींनी ती स्वतःसाठी मागायची, असा प्रकार आहे.

पुढच्या आठवड्यात गादीवर. बाई म्हणतात पाठीवर पडायचं. माझ्या अंगाला हे पटत नाही. मांजरसुद्धा पाठीवर पडत नाही. तुझं काय मत?

तुझी
खार

९ एप्रिल

खारे,

बाईंना सांग, बांबू गेला असेल, मामा गेलेला नाही.

हाताचं सोडून देतो. फायबरमधलं मला कळत नाही, तिथे त्यांचं बरोबर असेल. पण पडण्यात फायबर कुठून आलं? पडणं हे पडणंच असतं. माणूस साठ वर्षांपूर्वी पडायचा तसाच आजही पडतो.

माझी सगळ्यात चांगली उडी सांगतो. पट्टी माझ्या बापाच्या डोक्यापेक्षा बरीच वर होती. टेकलो, झुललो, वळलो, काठी मागे ढकलली, आणि पट्टी पोटाखालून गेली ती दिसली. मग वाळू दिसली. मी पाय पुढे केले आणि दोन्ही टाचांवर उभा राहिलो. पडलो नाही, उभा राहिलो! धाकटी, म्हणजे तुझी आई, काठावर होती, तिने टाळ्या वाजवल्याचं आठवतं. हातभर चिखल लागलेली कार्टी. ती तिथे कायम कशाला असायची कोण जाणे.

माझ्या घोट्याला आजतागायत काही झालेलं नाही. पाय खाली, डोकं वर. एवढं एक ऐक.

मामा

४ मे

प्रिय मामा,

पत्राला उशीर झाला. दुकानात काम फार होतं. आता उन्हं वाढली की सगळ्यांना काळ्या काचा हव्या असतात. मैदानावर जायला जमलेलं नाही. थोडी सर्दीही होती.

आई चार दिवसांसाठी आली होती, ती अजून गेलेली नाही. ती स्वयंपाक करते आणि मी खाते. तिचा आग्रह तुला माहीत आहे. नको म्हटलं की ती वाढते, आणि हो म्हटलं तर दुप्पट.

बाकी सगळं ठीक. पाय स्टुलावर ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं.

तुझी
खार

१० मे

खारे,

सर्दीला पाय स्टुलावर ठेवतात हे मला नवीन.

तुझ्या आईचा फोन आला. पाच वर्षांत पहिला. मला तिचं अर्धंच ऐकू आलं, पण तेवढं पुरलं. तू गादीवर पायांवर पडलीस, घोटा मुरगळला, काळानिळा झाला, आणि बाईंनी विचारलं तेव्हा तू माझं नाव घेतलं नाहीस. आईजवळ घेतलंस, असं दिसतं. ती म्हणाली, "दादा, माझ्या पोरीचा पाय तू मोडलास."

मोडला नाही, मुरगळला, असं मी म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

यापुढे माझ्याकडून सल्ला नाही. मी सल्ला देण्याच्या लायकीचा माणूस नाही. काठी खाली उतरवली आहे. कपड्यांना दोरी बांधतो.

मामा

१६ मे

प्रिय मामा,

काठी परत वर टांग. दोरी लोंबते आणि शर्टाला मधोमध घडी पडते.

खरं लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, कारण तू हेच करशील असं मला वाटलं होतं. पायावर पडले हे खरं. पण पाय मी पुढे केला, तू केला नाहीस. बाईंनी दहा वेळा सांगितलं होतं पाठीवर. अंग ऐकलं नाही. तुझं पत्र नसतं तरी ऐकलं नसतं.

घोटा आता टेकतो. जिने उतरते. पण मैदानावर परत गेले आणि धावून पेटीजवळ आले की माझ्या डोक्यात काळानिळा पाय येतो आणि मी काठी न टेकवता तशीच धावत गादीला जाऊन धडकते. बाई याला पळून जाणं म्हणत नाहीत, पण मी म्हणते. पोस्टवाली आता सहज वर जाते. ती मला धीर देते, हे तर आणखी वाईट.

मला सल्ला हवा आहे. चुकीचा असला तरी चालेल. तुझी पत्रं आली की मला बरं वाटतं. आणि आई तुझ्यावर चिडून फोन करते, म्हणजे बोलते तरी.

तुझी
खार

१ जून

प्रिय मामा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. मी लिहिते.

नवी बातमी ऐक आणि या वेळी खुशाल हस. काल बाईंनी सगळ्यांना परत वजनकाट्यावर उभं केलं. शेवटच्या महिन्याआधी त्या नेहमीच करतात. पोस्टवालीचं वजन तेवढंच. माझं काठीवरच्या आकड्याच्या वर. स्टुलावर पाय ठेवून आईच्या हातचं खाल्लेलं ते सगळं काट्यावर दिसलं.

मी म्हणाले, "थोडंच तर आहे."

बाई म्हणाल्या, "काठीला थोडं कळत नाही."

म्हणजे मी काठी पट्टीवर हरले नाही, जेवणात हरले. काठी पोस्टवालीची. ती रडली, मी नाही. ती म्हणाली, "असं नको होतं मला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग घरी येऊन भांडी घासताना मीही रडले. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं साबण गेला डोळ्यात.

बाईंनी मला पुढची काठी दिली आहे, वरच्या वजनाची. ताठ आहे. माझ्या धावण्याने ती वाकतच नाही, आणि टेकवली की खांबाला धडकल्यासारखी दोन्ही खांद्यांना हिसका देते. महिनाअखेर हिच्यावर खालची पट्टी ओलांडली तर ही माझी, नाहीतर मी घरी. बाईंनी हे रागाने नाही सांगितलं. पेटीचा पत्रा कुठे वाकला आहे हेही त्या त्याच आवाजात सांगतात.

मला वाटत नाही जमेल.

तुझी
खार

७ जून

खारूताई,

उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माहीत नव्हतं. आता थोडं माहीत आहे.

तुझं सोळा तारखेचं पत्र आल्यावर मी बसने इथल्या मोठ्या मैदानावर गेलो. तिथे बांबूउडीची जागा आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. बाकावर बसून बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिसऱ्या दिवशी तिथल्या मास्तरांनी येऊन विचारलं, "आजोबा, नातू आहे का यातला कोणी?" मी म्हटलं, नाही, भाची आहे, पण ती दुसरीकडे आहे आणि तिचा पाय मी मुरगळला आहे.

मास्तर भला माणूस. मला गादीवर चढवलं. गादीला छोटी शिडी लावतात. गादीवर उभा राहिलो आणि तेव्हा कळलं. पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि गादी त्याला एका बाजूला ढकलते. वाळू पाय धरून ठेवते, गादी धरत नाही. उंचावरून येणारा माणूस एका पायावर आला तर घोट्याचं काय होईल हे सांगायला डॉक्टर नको. मी तुला वाळूचा सल्ला गादीसाठी दिला. एवढी साधी गोष्ट, आणि लिफ्टवाल्या माणसाला कळली नाही. खाली काय आहे ते बघून मगच उतरायचं असतं, हे मी चाळीस वर्षं हाताखालच्या पोरांना सांगत आलो.

मग मी मास्तरांना म्हटलं, मला पडून बघायचं आहे. ते नको म्हणाले. मी म्हटलं, मी सांगितल्याशिवाय ती पडणार नाही, आणि मी पडल्याशिवाय सांगणार नाही. शेवटी त्यांनी गादीवर आणखी एक गादी टाकली आणि दोन्ही बाजूंना दोन पोरं उभी केली.

पहिल्यांदा पाय आपोआप मागे गेला. दुसऱ्यांदाही. हे अंग माझं नाहीच, वाळूचं आहे, असं वाटलं. मग मी डोळे वर लावले, हात छातीवर घेतले, हनुवटी गळ्याशी आणली आणि मागे गेलो.

काही झालं नाही, खारे. पाठीला मऊ लागलं आणि आकाश दिसलं. मामी गेल्यापासून मी जमिनीकडे बघूनच चालतो, जिना उतरताना पडेन म्हणून. त्या गादीवर मी बराच वेळ पडून राहिलो. पोरांना वाटलं म्हातारा गेला. मला फार बरं वाटलं, आणि रडायलाही आलं. तुला सांगायला लाज वाटत नाही.

तेव्हा हा सल्ला ऐक, हा स्वतः पडून दिलेला आहे. पट्टी पार झाली की खाली बघू नको. हनुवटी गळ्याशी आण आणि आकाश बघ. आकाश दिसत असेल तर पाठ खालीच असते, दुसरीकडे जाऊच शकत नाही.

आता दुसरं. तुझी ताठ काठी. हे मी मास्तरांना विचारलं आणि ते हसले. म्हणाले, वाकत नाही ती काठी म्हणजे बांबूच. हात खाली धरायला सांगा, म्हणजे काठी लहान पडेल आणि सहज उभी राहील. आणि डावा हात उजव्याच्या जवळ चालेल, ताठ काठीला तेच बरं. म्हणजे तुझा मामा निम्मा बरोबर होता. निम्म्यावर मी आयुष्यभर पगार घेतला आहे.

बाईंना विचारूनच कर. माझं नाव सांगू नको.

काठी परत वर टांगली आहे. दोरी खरंच लोंबते.

मामा

२९ जून

प्रिय मामा,

काल झालं ते क्रमाने लिहिते, कारण मधलंच आधी लिहिलं तर पुढचं लिहायला हात चालणार नाही.

बाईंना विचारलं. तुझं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "मामांना सांगा, ताठ काठीला बरोबर आहे." मग तीन आठवडे रोज कामावरून सुटल्यावर तेच. हात खाली, दोन्ही जवळ. काठी वाकली नाही, पण उभी राहिली. मी तिच्यावर नुसती लटकून गादीवर जायचे. पाठीवर. आधी पट्टी नाही, मग इलॅस्टिकची दोरी, मग खरी पट्टी.

काल आई मैदानावर आली. मी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "पाय मोडून घ्यायचा असेल तर माझ्या डोळ्यांसमोर मोड." पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली.

पोस्टवालीने पहिल्याच उडीत पट्टी ओलांडली. सुंदर उडी. मी तिची काठी झेलली.

मला तीन संधी होत्या. पहिल्या वेळी पेटी आली आणि मी काठी न टेकवता गादीवर जाऊन आपटले. दुसऱ्या वेळी वर गेले, पण खाली बघितलं, पाय खाली आला आणि पट्टी ओढून नेली. पाठ टेकली म्हणून घोटा वाचला. आई उभी राहिली होती, ती बसली.

तिसऱ्या वेळी मला भीती वाटत होतीच. ती गेली वगैरे काही झालं नाही. धावले. टोक खाली, हात वर, डावा हात सरकून उजव्याला लागला. खट्ट असा आवाज आला आणि जमीन गेली. पट्टी कुठे आहे ते मी बघितलं नाही. हनुवटी गळ्याशी घेतली आणि आकाश बघितलं. एकदम पांढरं होतं, ढगाळ. पाठ लागली. मी तशीच पडून राहिले आणि पट्टी पडल्याच्या आवाजाची वाट बघत राहिले. तो आला नाही. पोस्टवाली ओरडली, "झाली! झाली!" तिच्या हातात माझी काठी होती.

बाई म्हणाल्या, "ही काठी तुमची. या वजनात दुसरं कोणी नाही." मला बक्षीसच वाटलं, वजनाचंसुद्धा.

मग आई. ती उतरलेल्या तोंडाने आली. मला वाटलं आता ओरडणार. ती गादीजवळ उभी राहिली, हाताने ती दाबून बघितली, आणि म्हणाली, "एवढी मऊ असती तर मला उकरायला लागलं नसतं."

मी म्हटलं, काय उकरायला?

मामा, तुमच्या मैदानाची वाळू नशिबाने भुसभुशीत नव्हती. इतर मैदानांसारखीच घट्ट होती. एकदा एक मुलगा त्यात पडला आणि त्याची टाच फुटली, ते आईने बघितलं. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. दुसऱ्या दिवसापासून ती शाळा सुटल्यावर तुझ्या आधी मैदानावर जायची आणि कोळशाच्या फावड्याने वाळू उकरायची. खोल, पोटरीपर्यंत. मग फावडं झुडपात लपवायची आणि काठावर बसायची. तुला सांगितलं असतं तर तू हसला असतास आणि तुझ्या मित्रांनी तुला चिडवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. तू उडी मारायची सोडलीस तोवर ती रोज उकरत होती.

"तो पायावर पडायचा ना," ती म्हणाली, "मग वाळू मऊ नको?"

मी विचारलं, हे मामाला माहीत आहे? ती म्हणाली, "त्याने कधी विचारलं नाही."

मग तिने पिशवीतून पाणी काढून मला दिलं आणि घोटा कसा आहे ते बघितलं. आता ती आत झोपली आहे. मी हे तिला न विचारता लिहिते आहे.

तुझी
खार

४ जुलै

धाकटे,

हे पत्र खारीच्या पाकिटातून पाठवतो आहे, तिच्या हातून तुला मिळेल. फोन करणार होतो, पण मला अर्धं ऐकू येतं, आणि या वेळी अर्धं ऐकून चालणार नाही.

खारीचं पत्र वाचून मी बसने मैदानावर गेलो. आपल्या नव्हे, इथल्या. तिथे लांब उडीसाठी वाळूचा खड्डा आहे. तिथल्या मास्तरांकडून फावडं मागितलं आणि थोडी वाळू उकरली. जरा वेळातच हात भरून आले आणि बसावं लागलं. तू ते फावडं कसं उचलायचीस कोण जाणे, ते तुझ्याएवढंच असेल.

मी सगळ्यांना सांगत आलो की आमच्या मैदानाचं नशीब चांगलं. तुझ्या वहिनीलासुद्धा सांगितलं. माझे घोटे अजून शाबूत आहेत, आणि मला वाटत होतं ते माझ्या उडीमुळे.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतो. तू अजून खारीकडेच असशील तर तिथे, नाहीतर तुझ्या घरी. हत्यारांची पेटी आणतो आहे. कपाट तुझंच, ते मला नको. त्याचं दार लावून देतो.

दादा